हातचा

तळघरात सुटकेस आहे.
तिच्या मुठीला अजून नैरोबीची चिठ्ठी,
अर्धी फाटलेली, बारकोडसकट.
चाकात कुणाचा तरी लांब केस गुंडाळलाय.

तीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलले.
काचेच्या खोपटात बसून, कानांवर हेडफोन लावून,
इंग्रजीतून जर्मनमध्ये:
"आम्हाला तीव्र चिंता वाटते."
कुणाकुणाची चिंता माझ्या घशातून गेली, मोजली नाही.
आणि हवा तापते आहे हे सांगायला
दरवेळी फ्रांकफुर्टहून उडाले.
हसू नका. आम्हीही हसायचो,
अकरा हजार मीटरवर, टोमॅटोचा रस पीत.

आता बॉनमध्ये, स्वयंपाकघरातच बसते.
रात्रीचे दोन. तारावात दुपार.
वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, लोकरीचे मोजे.
ओट्यावर कणीक, तिच्यावर ओलं फडकं. पाव सकाळी.

माझ्या योरिसनं नाताळात हिशेब मांडला,
पावाच्या कागदी पिशवीवर.
पॅसिफिकला जाऊन येऊन: माझ्या एकटीच्या वाट्याला चारपाच टन.
स्क्रीनवर: तीन दिवसांची अख्खी बैठक,
वीज, केबल, कुठल्याशा माळावर
रात्रंदिवस गुरगुरणारी यंत्रांची शेड,
तिला गार ठेवणारी यंत्रणा, सगळं धरून
काही किलो.
"आणि कॅमेरे बंद ठेवलेत तर अजून कमी, आई."
मग ओठ कसे वाचू?
"ते गणितात येत नाही."
तेच म्हणते मी.

पण गणित बरोबर होतं.
पेन्सिल घेऊन मी दोनदा आकड्यांवरून गेले,
एक तरी चूक सापडावी म्हणून.
नाही सापडली.

आज रेरेइयाबाई बोलणार होत्या.
एकदाच भेटलोय आम्ही, इथेच, ऱ्हाइनच्या काठी.
तीन विमानं बदलून आल्या होत्या
चार मिनिटं बोलायला.
माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.
गरम होते त्यांचे हात, थोडे खरखरीत.
या गोष्टीचं वजन किती टन, योरिस?

तर आज. चौकटीत त्या, मागे पिवळी भिंत.
बोलायला लागल्या आणि त्यांच्या आवाजाखाली
आणखी एक आवाज.
पंखा नव्हता. आवाजांवरच जगलेय मी, मला कळतं.
येत होता, थांबत होता, दगडाला धडकत होता,
पुन्हा येत होता.
भरती होती तिकडे.

अध्यक्ष नम्रपणे म्हणाले,
"आपल्याकडून जरा गोंगाट येतोय."
कुणीतरी बटण दाबलं.
बोलणं कुठलं आणि गोंगाट कुठला
हे यंत्रानं ठरवलं,
आणि समुद्र गेला.

उरलं वाक्य, स्वच्छ, धुऊन पुसून ठेवल्यासारखं:
पाणी आता आमच्या पायरीपर्यंत येतं.
मी ते इमानदारीनं जर्मनमध्ये सांगितलं.
पाणी सोडून सगळं सांगितलं.

खोकला, उसासा, समुद्र
यांचं भाषांतर करायचं नसतं, हा आमचा नियम.

आणि खरं सांगायचं तर
विमानानं आल्या असत्या तरी
समुद्र कुठे आला असता सोबत?
त्या सभागृहात गालिचा होता, जाड.
इथे निदान दहाबारा सेकंद
तो माझ्या ओट्यापर्यंत आला होता,
तिकिटाशिवाय, इंधनाशिवाय.

बैठक संपली. चौकटी एकेक विझल्या.
ती पिशवी काढली, योरिसच्या बेरजेपाशी
समासात बारीक अक्षरात लिहिलं, हातचा एक.
शाळेत लिहायचो तसं,
पुढच्या घरात मिळवायचा राहू नये म्हणून.

मग तंत्रज्ञ डेटलेफला दोन ओळी:
पुढच्या वेळी त्यांच्या बाजूची गाळणी काढून टाका.
सगळ्यांना ऐकू दे.

उत्तर अजून आलेलं नाही.
फडकं उचललं तेव्हा
कणीक भांड्याच्या काठाशी आली होती.